पुतळ्यासमोरची कचेरी

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक काहीतरी लिहावे, असे संपादक मंडळाने आम्हांस सुचविले, तेव्हा प्रथम रायगड, शनिवारवाडा, अजिंक्यतारा अशीच नावे मनात आली. परंतु त्या स्थळांविषयी लिहिणारे अधिकारी पुरुष महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. आम्ही पडलो केंद्र सरकारच्या हिशेब खात्यातील नोकर. इतिहास विषय घेऊन बी. ए. झालो एवढीच काय ती आमची त्या क्षेत्रातील पुंजी. तेव्हा आपल्यासारख्याच घरापासून दूर राहिलेल्या एका मराठी माणसाने घरापासून दूर उभारलेल्या एका वास्तूविषयी लिहावे, हे आम्हांस अधिक उचित वाटले. ती वास्तू म्हणजे तिरुवनंतपुरम येथील केरळ राज्याचे सचिवालय होय.

रजा प्रवास सवलतीचा लाभ घेऊन आम्ही सहकुटुंब कन्याकुमारीस निघालो होतो. वाटेत तिरुवनंतपुरमला दोन दिवसांचा मुक्काम होता. पद्मनाभस्वामींचे दर्शन पहाटेच आटोपले होते. आमच्या सौ.ना समुद्रकिनारा पाहावयाचा होता आणि कन्येला प्राणिसंग्रहालय. आमचे चित्त मात्र सचिवालयाकडे लागलेले. सहलीला येऊनसुद्धा सरकारी कचेरीच पाहायची का, या प्रश्नाला आमच्यापाशी समाधानकारक उत्तर नव्हते. रिक्षावाल्यास सचिवालय म्हणून सांगितले, तो म्हणाला, “स्टॅच्यू?” आम्ही पुन्हा सचिवालय म्हटले. त्याने पुन्हा “स्टॅच्यू” म्हटले आणि रिक्षा सुरू केली. त्या चौकाचे नावच ‘स्टॅच्यू’ आहे. बसच्या पाटीवर, दुकानांच्या पत्त्यांत, लोकांच्या तोंडी सर्वत्र तेच नाव. पुतळा कोणाचा हे सांगण्याची गरज कोणास वाटत नाही.

रिक्षातून उतरल्यावर कन्येने विचारले, “बाबा, हा कोणाचा पुतळा?” आम्ही म्हणालो, “तुझ्यासारखंच घरी मराठी आणि बाहेर दुसरी भाषा बोलणाऱ्या एका माणसाचा.” तो पुतळा राजा सर टी. माधवराव यांचा आहे. त्रावणकोर संस्थानचे ते १८५७ ते १८७२ या काळात दिवाण होते आणि समोरची शुभ्र, स्तंभयुक्त, विस्तीर्ण इमारत त्यांच्याच कारकिर्दीत उभी राहिली.

माधवराव हे तंजावरच्या मराठी मंडळींपैकी. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरास राज्य स्थापिले आणि त्यांच्या मागोमाग देशावरची अनेक घराणी कावेरीकाठी जाऊन स्थिरावली. काळाच्या ओघात त्यांच्या मराठीत तमिळ शब्द मिसळले, ताटात सांबार आले, सणावारांची रीत पालटली. परंतु घरातील भाषा त्यांनी टाकली नाही. अशाच एका देशस्थ घराण्यात १८२८ साली कुंभकोणम येथे माधवरावांचा जन्म झाला. त्यांचे वडील रंगराव आणि चुलते वेंकटराव हे दोघेही त्यांच्यापूर्वी त्रावणकोरच्या दिवाणपदावर काम करून गेलेले होते. माधवरावांचे शिक्षण मद्रासच्या हायस्कुलात पॉवेल नावाच्या नामांकित शिक्षकाच्या हाताखाली झाले. गणित हा त्यांचा आवडता विषय. शिक्षण संपल्यावर त्यांनी पहिली सरकारी नोकरी केली ती मद्रासच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत! हे वाचल्यापासून आम्हांस त्यांच्याविषयी विशेष आपुलकी वाटू लागली, हे आमच्या खात्यातील वाचकांनी समजून घ्यावे. पुढे १८४९ साली त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्यानंतर ते महसूल खात्यात शिरले आणि पेशकाराच्या हुद्द्यापर्यंत चढले.

यानंतर जे घडले ते समजण्यासाठी त्या काळाची भीती ध्यानात घेतली पाहिजे. लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत १८४८ साली सातारा खालसा झाला. १८५४ मध्ये नागपूर आणि झाशी गेली. १८५५ साली तंजावरचे शेवटचे राजे निपुत्रिक वारले आणि ज्या गादीच्या आश्रयाने माधवरावांचे पूर्वज दक्षिणेत रुजले, तीही नाहीशी झाली. त्याच वर्षी त्रावणकोरलाही कंपनी सरकारचा इशारा येऊन थडकला. कारभार सुधारा, नाहीतर संस्थान ताब्यात घेऊ, असा त्याचा सरळ अर्थ होता. खजिना रिकामा, नोकरांचे पगार थकलेले, मिरी आणि तंबाखू यांच्या सरकारी मक्तेदारीने व्यापार गळाठलेला अशी त्या संस्थानची तेव्हाची अवस्था होती. १८५७ साली दिवाण कृष्णराव वारले आणि उण्यापुऱ्या एकोणतीस वर्षांच्या माधवरावांकडे कारभार आला. ज्याच्या घराण्याने नुकतेच एक राज्य बुडताना पाहिले, त्याच्या हाती दुसरे बुडू पाहणारे राज्य आले, असे म्हणावयास हरकत नाही.

त्यांनी ते बुडू दिले नाही. तलवार उपसून नव्हे, तर जमाखर्चाची वही सरळ करून. मिरीची मक्तेदारी १८६० मध्ये आणि तंबाखूची १८६३ मध्ये त्यांनी उठविली. तिच्या जागी जकात बसविली. किरकोळ त्रासदायक कर रद्द केले. काही वर्षांतच संस्थानचे देणे फिटले आणि पगार वेळेवर होऊ लागले. १८६५ साली ब्रिटिश मुलूख आणि शेजारचे कोचीन यांच्याशी मुक्त व्यापाराचा करार झाला. त्याच वर्षी निघालेल्या जाहीरनाम्याने सरकारी जमीन कसणाऱ्या रयतेस त्या जमिनीची मालकी मिळाली. तिला ती जमीन विकण्याचा, गहाण टाकण्याचा, मुलांना देण्याचा हक्क आला. १८६७ साली खाजगी जमीनदारांच्या कुळांनाही मनमानी बेदखलीपासून संरक्षण मिळाले. कुळकायद्याचे वाद महाराष्ट्रात ऐकत वाढलेल्या आमच्यासारख्यांना या तारखा वाचून आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही. त्रावणकोरला ‘आदर्श संस्थान’ हे नाव पडले ते या काळात.

अशा वेळी, ७ डिसेंबर १८६५ रोजी, महाराजा आयिल्यम तिरुनाळ यांनी नव्या हुजूर कचेरीची कोनशिला बसविली. हे महाराज माधवरावांचेच विद्यार्थी. आराखडा संस्थानचे मुख्य अभियंता विल्यम बार्टन यांचा. सार्वजनिक बांधकाम खाते माधवरावांनी नव्याने काढले, त्याची सूत्रे याच बार्टन यांच्याकडे होती. १८६९ साली काम पुरे झाले आणि खर्च सुमारे तीन लाख रुपये आला. त्यापूर्वीची हुजूर कचेरी पद्मनाभस्वामींच्या मंदिराजवळ कोटाच्या आत होती. ती कोटाबाहेर, मोकळ्या माळावर, हमरस्त्याच्या कडेला आली, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. राजवाडा व देऊळ यांच्या सावलीतून कारभार बाहेर पडला. रयतेला अर्ज घेऊन यावयाचे तर कोटाच्या वेशीतून आत जाण्याचे कारण उरले नाही. आणि त्या काळात कोटाच्या आतील रस्ते सर्व जातींना मोकळे नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे या स्थलांतराचे मोल कळते.

आमच्या खात्यातील एका स्थानिक स्नेह्याने आपल्या परिचयाचे, सचिवालयातूनच निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ आमच्या सोबतीला दिले होते. फाटकावर पास काढला, पोलिसाने पिशवी तपासली आणि आम्ही आत गेलो. फाटकाबाहेर पदपथावर कोणत्यातरी संघटनेच्या मंडळींचे धरणे चालू होते. ताडपत्रीखाली स्त्रिया बसलेल्या, लाल अक्षरांतील फलक, मधूनमधून घोषणा. सोबतचे गृहस्थ म्हणाले, “पदपथ मोकळा दिसला, तर आम्हांला वाटते आज सुट्टी आहे.”

आवारात वेलू तंपी दळवा यांचा पुतळा आहे. १८०९ साली इंग्रजांविरुद्ध उठाव करून कुंडरा येथून जाहीरनामा काढणारा आणि शेवटी शत्रूच्या हाती सापडण्यापेक्षा मरण पत्करणारा हा त्रावणकोरचा वीर. रस्त्यापलीकडे माधवराव आणि अलीकडे वेलू तंपी. एकाने इंग्रजांशी लढून राज्य राखू पाहिले, दुसऱ्याने इंग्रजांना बोट दाखवायला जागा न ठेवून ते राखले. दोघांनाही या नगरीने एकाच वास्तूसमोर जागा दिली, हे तिच्या समंजसपणाचे लक्षण होय.

इमारतीची रचना पाश्चात्त्य वळणाची आहे. मधला भाग मूळचा आणि दोन्ही अंगांचे विस्तार नंतरच्या काळातील. परंतु उंच खांब, लांबच लांब व्हरांडे आणि शुभ्र रंग यांमुळे सांधा कोठे आहे ते चटकन ध्यानी येत नाही. मधल्या दरबार हॉलमध्ये आम्ही काही वेळ उभे राहिलो. उंच छत, बाहेर डिसेंबरातही उकाडा असताना आत गारवा. व्हरांड्यातून दोऱ्यांनी बांधलेल्या नस्त्यांचे गठ्ठे घेऊन शिपाई जात होता. ते दृश्य मात्र आम्हांस मुळीच परके वाटले नाही. हुजूर, कचेरी, दिवाण, पेशकार, तहसीलदार हे जुन्या त्रावणकोरी कारभारातील शब्द आम्हांस समजावून देण्याची आमच्या वाटाड्यास गरज भासली नाही. ते शब्द येण्यापूर्वीची आणि नंतरचीही कित्येक दप्तरे येथे ताडपत्रावर लिहिली जात. ‘चुरुणा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या ताडपत्रांच्या जुड्या राज्याच्या पुराभिलेख खात्याने जतन केल्या असून २०२२ साली कोट भागात त्यांचे स्वतंत्र संग्रहालयही उघडले आहे.

या वास्तूचे भाग्य असे की, ती केवळ कारकुनीची जागा राहिली नाही. १८८८ साली त्रावणकोरात विधिमंडळ स्थापन झाले. हिंदी संस्थानांतील हे पहिलेच. आठ सभासदांच्या त्या सभेची पहिली बैठक २३ ऑगस्ट १८८८ रोजी याच इमारतीत, दिवाणांच्या दालनात भरली. पुढे १९३९ साली आवारात स्वतंत्र सभागृह बांधण्यात आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी केरळ राज्य अस्तित्वात आल्यावर त्याची पहिली विधानसभा १९५७ साली याच सभागृहात बसली आणि ई. एम. एस. नंबुदिरीपाद यांच्या मंत्रिमंडळाची शेतजमीन व शिक्षण यांविषयीची गाजलेली विधेयके येथेच मांडली गेली. ते मंत्रिमंडळ ३१ जुलै १९५९ रोजी केंद्राने बरखास्त केले. केंद्राचे नोकर या नात्याने आम्ही त्यावर भाष्य करीत नाही. वाटाड्यानेही केवळ आमच्याकडे पाहून स्मित केले. १९९८ साली विधानसभा स्वतःच्या नव्या भवनात गेली, तोवर एकेचाळीस वर्षे राज्याचे कायदे या जुन्या सभागृहात झाले.

इथपर्यंत आमचा ऊर अभिमानाने भरून आला होता आणि तो आम्ही लपविलाही नाही. दिवाणांची नामावली आम्ही पाठ म्हणून दाखविली : वेंकटराव, सुब्बाराव, रंगराव, कृष्णराव, माधवराव. वृद्ध गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग ते म्हणाले, “साहेब, तुमच्या माधवरावांचा पुतळा आमच्याच लोकांनी वर्गणी काढून उभारला. त्यांचे उपकार आम्ही विसरलेलो नाही. पण याच इमारतीत आमच्या पणजोबांना साधी कारकुनी मिळाली नव्हती. लिहिणार असाल तर तेही लिहा.”

ते लिहिणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. इतकी वर्षे हिशेब तपासण्यात गेल्यावर केवळ जमेची बाजू दाखवून ताळेबंदावर सही करता येत नाही. त्या काळी त्रावणकोरच्या वरिष्ठ जागा बहुतांशी तमिळ व मराठी ब्राह्मणांकडे असत. इंग्रजी शिकलेली स्थानिक मुले दाराबाहेर राहत. जानेवारी १८९१ मध्ये १०,०२८ लोकांच्या सह्यांचा एक अर्ज महाराजांना सादर झाला. इतिहासात तो ‘मलयाळी मेमोरियल’ म्हणून प्रसिद्ध आहे. आपल्याच राज्यात आपणांस नोकरी का नाही, हा त्याचा सवाल होता. त्या वेळी दिवाणपदावर टी. रामराव होते. तेही तंजावरी मराठी घराण्यातलेच. पाच वर्षांनी, १८९६ साली, ईळवा समाजाच्या १३,१७६ लोकांनी दुसरा अर्ज केला. त्याचे प्रणेते डॉ. पल्पू वैद्यकाची पदवी असूनही जातीमुळे त्रावणकोरात नोकरी न मिळाल्याने म्हैसूर संस्थानात चाकरी करीत होते. पाहा, दैवगती कशी! कुंभकोणमचा माणूस येथे येऊन दिवाण होतो आणि येथला माणूस पोटासाठी म्हैसूर गाठतो.

आणखीही एक नोंद नावे घालावी लागेल. दक्षिण त्रावणकोरातील नाडार स्त्रियांनी अंगभर वस्त्र घेतले म्हणून उच्चवर्णीयांनी त्यांना छळले, दंगे झाले. त्या प्रसंगी दिवाण माधवरावांचे धोरण प्रारंभी रूढीकडेच झुकलेले होते. मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेलियन यांचे दडपण आल्यानंतर, २६ जुलै १८५९ च्या जाहीरनाम्याने त्या स्त्रियांना वस्त्राचा अधिकार मिळाला, आणि तोही मर्यादित. अर्थशास्त्रात काळाच्या पुढे असणारा हा बुद्धिमान पुरुष समाजाच्या बाबतीत काळाबरोबरच चालला. त्याने आमच्या मनातील आदर नाहीसा झाला नाही. परंतु तो डोळस झाला.

माधवरावांची पुढील हकीकत थोडक्यात सांगतो. महाराजांशी मतभेद झाल्याने १८७२ साली त्यांनी त्रावणकोर सोडले. त्यानंतर ते इंदूरला तुकोजीराव होळकरांचे दिवाण झाले आणि १८७५ पासून १८८२ पर्यंत, सयाजीराव महाराज अज्ञान असताना, त्यांनी बडोद्याचा कारभार सांभाळला. दोनशे वर्षे दक्षिणेत राहिलेल्या घराण्यातील माणूस पुन्हा मराठी दौलतींच्या सेवेत आला तो असा. १८८७ साली मद्रासला काँग्रेसचे तिसरे अधिवेशन भरले, त्याच्या स्वागत समितीचे ते अध्यक्ष होते. ४ एप्रिल १८९१ रोजी मद्रास येथे त्यांचे निधन झाले.

एक धागा मात्र आपल्या सर्वांच्या घरापर्यंत येतो. त्रावणकोरातील तरुण चित्रकार राजा रविवर्मा यांना माधवराव ओळखत. बडोद्यास त्यांना बोलावून घेण्यात माधवरावांचा पुढाकार होता. आणि आपली चित्रे युरोपात छापून घ्या, म्हणजे ती सर्वांना मिळतील, अशी सूचनाही त्यांनीच पत्राने केली होती. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये छापखाना काढला तो मात्र मुंबईत, आणि तो पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीस गेला. आपल्यापैकी कित्येकांनी बदलीच्या गावी ट्रंक उघडल्यावर प्रथम भिंतीवर टांगली ती लक्ष्मी किंवा सरस्वती बहुधा त्याच परंपरेतील होती. केरळची कुंचली, तंजावरी मराठ्याची सूचना आणि मावळातला छापखाना!

संध्याकाळी पाच वाजता कचेरी सुटली. हजारो माणसे छत्र्या आणि जेवणाचे डबे घेऊन बाहेर पडली. धरणे धरलेल्या स्त्रियाही सतरंज्या झटकू लागल्या. आम्ही रस्ता ओलांडून पुन्हा पुतळ्यापाशी आलो. वृद्ध गृहस्थांना आम्ही नमस्कार केला, त्यांनी कन्येच्या डोक्यावर हात ठेवून विचारले, “तू आता राहतेस त्या गावची भाषा तुला लिहिता-वाचता येते का?” ती म्हणाली, “बोलता येते.” ते म्हणाले, “लिहायलाही शीक. माधवरावांना मलयाळम येत होती.” आमच्या सौ. आमच्याकडे पाहू लागल्या. आम्ही गेली अकरा वर्षे एकाच गावी आहोत आणि अजून तेथील दुकानांच्या पाट्याही आम्हांस वाचता येत नाहीत, हे त्या गृहस्थांना कोणी सांगितले नव्हते.

आपले मंडळ आज पन्नास वर्षांचे झाले. या पन्नास वर्षांत आपण गणपती बसविले, नाटके केली, मुलांना मराठीची मुळाक्षरे गिरवायला लावली. ते योग्यच झाले. तंजावरकरांनी घरातली भाषा टाकली नाही म्हणूनच माधवराव आपले आहेत. परंतु त्यांचा पुतळा त्रावणकोरने उभारला तो ते घरी मराठी बोलत म्हणून नव्हे. त्यांनी तेथील शेतकऱ्याला जमीन दिली आणि तेथील खजिना भरला म्हणून. जे त्यांनी दिले नाही, तेही त्या नगरीने लक्षात ठेवले आहे. आपणही ज्या गावाचे मीठ खातो, तेथे आपल्या नावे काय जमा आहे आणि काय बाकी आहे, याचा विचार सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने व्हावा, एवढीच आमची विनंती.

बस आली तेव्हा वाहक दारात उभा राहून “स्टॅच्यू, स्टॅच्यू” असे ओरडत होता. प्रवास संपवून घरी परतल्यावर कन्येने दुसऱ्याच दिवशी स्थानिक भाषेची अंकलिपी विकत आणली. सध्या रात्रीच्या जेवणानंतर ती आम्हां उभयतांस शिकवीत असते.